लिक्विड क्रिस्टलमधला चार्ज मोजताना: ओएलईडीच्या मटेरियलची मोबिलिटी, पावडरपासून डिव्हाइसपर्यंत

ओएलईडीसाठी, म्हणजे वीज दिल्यावर उजळणाऱ्या सेंद्रिय थरांच्या दिव्यासाठी, एखादं नवं लिक्विड क्रिस्टल (द्रवासारखं वाहणारं, तरी रेणूंची रचना धरून ठेवणारं मटेरियल) हातात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मोबिलिटी किती?’, म्हणजे विद्युतक्षेत्रात चार्ज किती वेगाने सरकतो. कुणीतरी एक आकडा सांगतो आणि चर्चा तिथेच थांबते. खरं तर ती तिथून सुरू व्हायला हवी. तो आकडा होलचा (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेल्या धन जागेचा), इलेक्ट्रॉनचा, की सॅम्पलमध्ये पोहणाऱ्या एखाद्या आयनचा? कुठल्या फेजमध्ये (रेणूंच्या रचनेच्या कुठल्या अवस्थेत), रेणूंच्या कुठल्या दिशेने आणि किती जाडीच्या थरात मोजलेला? हे सोबत लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्यावरून डिव्हाइसची रचना ठरवता येत नाही.

हा लेख या विषयावर नुकतंच प्रयोगशाळेत काम सुरू केलेल्यांसाठी आहे. पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्राचा पदवीपर्यंतचा अभ्यास गृहीत धरला आहे. मोबिलिटीचे सगळे आकडे चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद या एककात आहेत, त्यामुळे पुढे दर वेळी एकक लिहिलेलं नाही.

मुळात लिक्विड क्रिस्टल कशाला?

१९८७ साली कोडॅकमध्ये टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी दोन पातळ सेंद्रिय थरांचा, दहा व्होल्टच्या आत उजळणारा ओएलईडी दाखवला. आजही बहुतेक ओएलईडींमधले थर अमॉर्फस असतात, म्हणजे रेणू कसेही पडलेले असतात. चार्ज एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. प्रत्येक उडीचं अंतर वेगळं आणि शेजारच्या रेणूची ऊर्जापातळीही वेगळी, त्यामुळे वेग मार खातो. दुसऱ्या टोकाला सेंद्रिय सिंगल क्रिस्टल आहेत. अँथ्रासीनसारख्या शुद्ध क्रिस्टलमध्ये मोबिलिटी १ च्या घरात जाते, पण मोठ्या पृष्ठभागावर भेगा न पडता असा थर बसवणं फार कठीण.

लिक्विड क्रिस्टल या दोहोंच्या मधली जागा घेतात. रेणू स्वतःहून रचना धरतात आणि रचनेतले दोष वाहत्या अवस्थेत बरेचसे आपोआप भरून निघतात. तरीही या पदार्थांकडे अर्धवाहक म्हणून पाहायला बराच उशीर झाला, आणि त्याला कारण होतं. १९६८ मध्ये हाइलमायर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत दाखवलेला ‘डायनॅमिक स्कॅटरिंग’ डिस्प्ले चालायचाच मुळी आयनांच्या प्रवाहावर. लिक्विड क्रिस्टलमधून वाहतात ते आयन, हा समज त्यामुळे पक्का झाला. १९७७ मध्ये बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी चकतीसारख्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल शोधले. १९९३ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटच्या हारर यांच्या गटाने अशाच ट्रायफेनिलीन चकत्यांच्या खांबांमध्ये ०.००१ च्या आसपास होल मोबिलिटी मोजली. पुढच्याच वर्षी थायो-साखळ्या असलेल्या ट्रायफेनिलीनच्या हेलिकल (चकत्या मळसूत्रासारख्या वळत रचलेल्या) फेजमध्ये ती ०.१ पर्यंत गेली. १९९७ मध्ये टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फुनाहाशी आणि हान्ना यांनी काडीसारख्या रेणूंच्या स्मेक्टिक (थराथरांत रचलेल्या) फेजमध्येही इलेक्ट्रॉनिक वहन दाखवलं, ०.००५ च्या घरातलं. आयनांची शंका मात्र गेलेली नाही. या कामातली निम्मी मेहनत ती शंका फेडण्यातच जाते.

दिशा आधी ठरवा

मोजमापाला हात घालण्याआधी कागदावर एक चित्र काढा: दोन इलेक्ट्रोड, मध्ये तुमचा रेणू, आणि चार्जची वाट.

चकतीसारखे रेणू एकावर एक रचले जाऊन खांब बनतात. चार्ज त्या खांबाच्या अक्षावरून धावतो, कारण शेजारच्या दोन चकत्यांचे π-इलेक्ट्रॉन ढग एकमेकांना भिडलेले असतात. खांबाभोवती हायड्रोकार्बन साखळ्यांचं आवरण असतं आणि ते ओलांडणं चार्जला जवळपास अशक्य. ओएलईडीत प्रवाह एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे, म्हणजे थराच्या जाडीतून जातो. म्हणून खांब काचेवर उभे हवेत, चकत्या काचेवर सपाट पडलेल्या.

काडीसारख्या रेणूंच्या स्मेक्टिक फेजमध्ये उलटं आहे. तिथे चार्ज स्मेक्टिक थराच्या आत, शेजारच्या काडीवर उडी मारत जातो. एका थरातून दुसऱ्यात जायचं तर मधल्या साखळ्या आडव्या येतात. त्यामुळे काड्या काचेला समांतर झोपलेल्या आणि स्मेक्टिक थर काचेवर उभे, ही रचना आपल्याला हवी.

दोन्ही बाबतींत रेणूचा प्रकाश टाकणारा गाभा काचेला समांतर येतो. प्रकाश समोरच्या बाजूने बाहेर पडायलाही हीच रचना सोयीची, हा मोठा योगायोग आहे. ट्रान्झिस्टरवाल्यांना याच्या बरोबर उलट रचना लागते, कारण त्यांचा प्रवाह काचेला समांतर वाहतो. तेव्हा ट्रान्झिस्टरसाठी छापलेला मोबिलिटीचा आकडा ओएलईडीसाठी जसाच्या तसा उचलू नका.

पायरी १: शुद्धीकरण

याला पायरी म्हटलंय खरं, पण बाकीचं सगळं काम याच्यावर उभं आहे.

चार्जला अडवायला फार अशुद्धी लागत नाही. दहा मायक्रॉन जाडीच्या सेलमध्ये चार्जला वीस-पंचवीस हजार रेणूंवरून उड्या मारत जावं लागतं. वाटेत खोल ऊर्जापातळीचा एक रेणू भेटला तरी तो तिथे अडकतो. म्हणजे दशलक्ष भागांत काही भाग एवढी अशुद्धीसुद्धा ट्रेसचा, म्हणजे मोजमापात मिळणाऱ्या प्रवाह-वेळ आलेखाचा, आकार बदलू शकते. एनएमआरमध्ये स्वच्छ दिसणारं सॅम्पल या कामासाठी स्वच्छ असेलच असं नाही, कारण एनएमआरला इतक्या कमी प्रमाणातलं काही दिसतच नाही.

क्रम असा ठेवा. आधी सिलिका जेलच्या कॉलममधून काढा. मग पुन्हा पुन्हा रीक्रिस्टलायझेशन करा, शक्यतो दोन वेगळ्या सॉल्व्हंटमधून, कारण एका सॉल्व्हंटमध्ये चिकटून राहणारी घाण दुसऱ्यात सुटते. रेणू तापमान सोसणारा असेल तर शेवटी व्हॅक्यूममध्ये सब्लिमेशन करा. लांब साखळ्यांचे रेणू बऱ्याचदा सब्लिमेशनआधीच विघटित होतात, तिथे रीक्रिस्टलायझेशनवरच भिस्त ठेवावी लागते.

गाभा सुझुकी कपलिंगने (पॅलेडियम उत्प्रेरक वापरणाऱ्या अभिक्रियेने) जोडला असेल तर पॅलेडियमचे अवशेष मागे राहतात. ते खेचून घेणारी थायोल-सिलिका वापरा. पाण्याने धुताना मीठ, आम्ल, अल्कली यांतलं काही मागे राहिलं तर तेच पुढे आयन बनून येतं. शेवटचे धुणे नेहमी डीआयोनाइज्ड पाण्याने करा, आणि बाटली, स्पॅचुला, फिल्टर या सगळ्यांची स्वच्छता त्याच तोडीची ठेवा.

शुद्ध झालं हे कशावरून ठरवायचं? त्याची खरी कसोटी मोजमापच आहे. पुन्हा एकदा शुद्ध करून मोजलं आणि ट्रेस बदलला, तर आधीचं सॅम्पल पुरेसं शुद्ध नव्हतं. सलग दोन शुद्धीकरणांनंतर ट्रेस तोच राहिला की थांबा.

पायरी २: फेजचा नकाशा

डीएससी (तापमानाबरोबर सॅम्पल किती उष्णता घेतं-सोडतं ते मोजणारी चाचणी) करा, मिनिटाला ५ ते १० अंश या वेगाने, तापवताना आणि थंड करताना दोन्ही वेळा. पहिल्या तापवणीत सॅम्पलचा जुना इतिहास मिसळलेला असतो, म्हणून दुसऱ्या फेरीचे आकडे वापरा.

डीएससी फक्त सांगतो की इथे काहीतरी बदललं. काय बदललं ते पाहायला पोलरायझिंग मायक्रोस्कोप आणि हॉट स्टेज लागते. आयसोट्रॉपिक (रेणूंना ठरावीक दिशा नसलेल्या) द्रवातून हळूहळू थंड करताना स्मेक्टिक-ए फेज लहान लहान काड्यांसारखी उगवते आणि त्या काड्या जुळून पंख्यासारखं टेक्श्चर तयार होतं. आणखी थंड केल्यावर तेच पंखे टिकून त्यांच्यावर आडव्या कमानी उमटल्या, तर स्मेक्टिक-ई असण्याची दाट शक्यता. पंखे अगदी गुळगुळीत राहिले तर स्मेक्टिक-बी असू शकते. टेक्श्चरवरून बांधलेला अंदाज एक्स-रे डिफ्रॅक्शनने पक्का करून घ्या. स्मेक्टिक-ए मध्ये रुंद कोनाला पसरट फुगवटा दिसतो, बी मध्ये एकच धारदार रेषा, ई मध्ये अनेक.

फेजवर एवढा जोर देण्याचं कारण म्हणजे मोबिलिटी फेजच्या पायऱ्या चढते. फेनिलनॅफ्थलीनसारख्या काडीरेणूंमध्ये स्मेक्टिक-ए ला साधारण ०.०००२ ते ०.०००३, बी ला ०.००१ च्या थोडं वर, आणि ई ला ०.०१ च्या घरात, असं चित्र दिसतं. रेणू तोच, फक्त रचना घट्ट होत गेली आणि शेजाऱ्यांमधलं अंतर कमी झालं. दोन रेणूंच्या इलेक्ट्रॉन ढगांची जुळणी अंतर वाढताच झपाट्याने पडते, त्यामुळे अंतरातला किरकोळ फरकही मोबिलिटी कित्येक पट बदलतो.

पायरी ३: सेल

आयटीओचा (पारदर्शक, वीज वाहणाऱ्या ऑक्साइडचा) थर असलेल्या दोन काचा, मध्ये स्पेसर, कडेला डिंक. जाडी ५ ते २० मायक्रॉन. डिंक असा निवडा की तो लिक्विड क्रिस्टलमध्ये विरघळणार नाही. साध्या इपॉक्सीचे न जुळलेले भाग सॅम्पलमध्ये झिरपतात आणि पहिल्या पायरीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

भरण्याआधी रिकाम्या सेलची जाडी मोजा, कारण पायरी ४ मधल्या सूत्रात जाडीचा वर्ग येतो आणि जाडीतली १० टक्के चूक मोबिलिटीत सुमारे २० टक्के होऊन बसते. रिकाम्या सेलमधून जाणाऱ्या प्रकाशाच्या स्पेक्ट्रममध्ये व्यतिकरणाच्या लाटा दिसतात. दोन शिखरांच्या तरंगलांबींचा गुणाकार करा, त्याला त्यांच्या फरकाच्या दुपटीने भागा आणि मधल्या लाटांच्या संख्येने गुणा, की जाडी मिळाली. पडताळ्यासाठी कपॅसिटन्सही मोजा. ०.२ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ आणि १० मायक्रॉन जाडी असेल तर रिकाम्या सेलचा कपॅसिटन्स सुमारे १८ पिकोफॅरड यायला हवा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर काचा समांतर बसलेल्या नाहीत. तो सेल बाजूला ठेवा.

भरताना सॅम्पल आयसोट्रॉपिक तापमानापेक्षा काही अंश वर न्या आणि सेलच्या तोंडाशी कणभर पावडर ठेवा. ती वितळते आणि केशाकर्षणाने आत ओढली जाते. आत शिरणारी कड डोळ्यांनी दिसते. ती एका बाजूने पुढे धावून वळसा घालू लागली, तर हवेचा बुडबुडा अडकणार हे समजा आणि सेल किंचित कलवा. सॅम्पलला हवेत जास्त वेळ गरम ठेवू नका. जमल्यास नायट्रोजन किंवा आर्गॉनमध्ये भरा, विशेषतः इलेक्ट्रॉन मोजायचे असतील तर. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनला पकडून ठेवतो. एकाच सॅम्पलमध्ये होलचा ट्रेस सुबक आणि इलेक्ट्रॉनचा गायब, असं दिसलं तर पहिला संशयित तोच.

मग हळूहळू थंड करा, मिनिटाला अंशभर किंवा त्याहून कमी, आणि सेल मायक्रोस्कोपखाली पाहा. चकतीरेणूंचे खांब उभे बसले असतील तर क्रॉस केलेल्या पोलरायझरांमध्ये सेल काळाकुट्ट दिसतो. काडीरेणूंसाठी मात्र काळेपणा वाईट बातमी आहे: काड्या उभ्या राहिल्या आहेत आणि स्मेक्टिक थर आडवे पडलेत. इथे उजळ टेक्श्चर हवं. पंख्यांचे डोमेन छोटे-मोठे असले तरी घाबरू नका. पॉलिक्रिस्टलमध्ये दाण्यांच्या सीमेवर चार्ज अडकतो, तसं स्मेक्टिक डोमेनच्या सीमेवर सहसा होत नाही. सॅम्पल क्रिस्टल होऊ दिलं तर मात्र भेगा पडतात आणि सिग्नल जवळपास मरतो.

पायरी ४: टाइम-ऑफ-फ्लाइटची जुळणी

तत्त्व सोपं आहे. सेलला व्होल्टेज लावा, एका इलेक्ट्रोडच्या बाजूने लेझरची अतिशय छोटी पल्स मारा. प्रकाश पृष्ठभागालगतच शोषला जातो आणि तिथे होल-इलेक्ट्रॉनच्या जोड्या बनतात. उजेड पडणारा इलेक्ट्रोड धन असेल तर इलेक्ट्रॉन लगेच त्यात शिरतात आणि होलची पातळ चादर पलीकडे निघते. ऋण असेल तर इलेक्ट्रॉनची. चादर चालत असेपर्यंत बाहेरच्या सर्किटमध्ये प्रवाह वाहतो, पलीकडे पोचली की पडतो. तो पडण्याचा क्षण म्हणजे ट्रान्झिट वेळ.

मोबिलिटी = जाडीचा वर्ग ÷ (व्होल्टेज × ट्रान्झिट वेळ)

३३७ नॅनोमीटरचा नायट्रोजन लेझर बऱ्याच गाभ्यांसाठी चालतो, पल्स नॅनोसेकंदाच्या आसपास. २६६ नॅनोमीटर वापरायचं असेल तर साधी काच प्रकाश गिळून टाकते, क्वार्ट्झ लागेल. शोषणाची खोली सेलच्या जाडीच्या खूप आत असली पाहिजे, १० मायक्रॉनच्या सेलमध्ये एखाद्या मायक्रॉनपेक्षा कमी.

आता एक उदाहरण आकड्यांसकट. जाडी १० मायक्रॉन, व्होल्टेज ५०, मोबिलिटी अंदाजे ०.००१. सूत्राने ट्रान्झिट वेळ २० मायक्रोसेकंद. भरलेल्या सेलचा कपॅसिटन्स, डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३ धरून, सुमारे ५३ पिकोफॅरड. इलेक्ट्रोडवर साठलेला चार्ज ५३ गुणिले ५०, म्हणजे जवळपास २.६५ नॅनोकूलोम. लेझरने तयार केलेला चार्ज याच्या दहाव्या भागापेक्षा कमी ठेवायचा, नाहीतर ती चादर स्वतःच विद्युतक्षेत्र वाकवते. ०.२६ नॅनोकूलोम २० मायक्रोसेकंदांत वाहिला तर प्रवाह १३ मायक्रोअँपिअर. १० किलोओहमच्या रोधावर हे १३० मिलिव्होल्ट होतात, ऑसिलोस्कोपवर आरामात दिसतील. आणि त्या रोधाचा आरसी वेळ, म्हणजे सर्किटचा स्वतःचा प्रतिसादाचा वेळ? १० किलोओहम गुणिले ५३ पिकोफॅरड, सुमारे अर्धा मायक्रोसेकंद. २० मायक्रोसेकंदांच्या मानाने चाळिसावा भाग, चालेल. मोबिलिटी ०.०१ असती तर ट्रान्झिट २ मायक्रोसेकंद आणि हाच रोध ट्रेसला चोळून टाकायला लागला असता. तिथे १ किलोओहम घ्या. हा हिशेब दर सेलसाठी नव्याने करा, नाहीतर मटेरियलऐवजी स्वतःचं सर्किट मोजून बसाल.

प्रत्येक पल्सनंतर इलेक्ट्रोड शॉर्ट करून सॅम्पलला विश्रांती द्या. भराभर पल्स मारून सरासरी घेण्याचा मोह होतो, पण सततच्या डीसी व्होल्टेजखाली आयन इलेक्ट्रोडजवळ गोळा होतात आणि आतलं क्षेत्र बदलतं. शून्य व्होल्टला एक ट्रेस घेऊन ठेवा. लेझर उडताना जो विद्युत खडखडाट येतो तो त्यातून वजा करता येतो.

पायरी ५: ट्रेस वाचणे

चांगला ट्रेस असा दिसतो: सुरुवातीला छोटं टोक, मग सपाट पठार, मग एक स्पष्ट खांदा, नंतर उतार. पठार आणि उतार यांना स्पर्शरेषा काढा, त्या छेदतात ती ट्रान्झिट वेळ.

पठार नसेल, सगळा उतारच असेल, तर दोन्ही अक्ष लॉगमध्ये टाका. शेर आणि मॉन्ट्रोल यांनी १९७५ मध्ये दाखवल्याप्रमाणे अशा विखुरलेल्या वहनात लॉग-लॉग आलेखावर दोन सरळ रेषा मिळतात आणि त्यांच्या उतारांची बेरीज उणे २ च्या जवळ येते. पण लॉग-लॉगवर कुठल्याही वक्रात कोपरा ‘दिसतो’. म्हणून तो कोपरा व्होल्टेजबरोबर हलतो का ते तपासा. व्होल्टेज दुप्पट केल्यावर वेळ साधारण निम्मी व्हायला हवी. हलला नाही तर तो ट्रान्झिट नव्हे, चार्ज वाटेतच अडकून संपतोय किंवा सर्किटचा वेळ दिसतोय. लेझरची तीव्रता निम्मी करा. ट्रेसची उंची कमी व्हावी, आकार तसाच राहावा. आणि किमान दोन वेगळ्या जाडीच्या सेलमध्ये मोजा.

आयन की इलेक्ट्रॉन?

आता सर्वात नाजूक भाग. वरच्या सगळ्या चाचण्या आयनही पास होतो. आयनाची ट्रान्झिट वेळसुद्धा व्होल्टेजच्या व्यस्त प्रमाणात आणि जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. सुबक खांदा, योग्य व्होल्टेज-अवलंबन, दोन जाड्यांत जुळणारं उत्तर, एवढ्यावर ‘इलेक्ट्रॉनिक वहन सिद्ध’ असं लिहिलेलं वाचलं की मी पुढचं पान शंकेने उलटतो.

आकड्याची पातळी हा पहिला इशारा. आयनाला शरीर घेऊन चिकट द्रवातून वाट काढावी लागते, म्हणून त्याची मोबिलिटी बहुधा ०.००००१ किंवा त्याखाली असते. ०.०१ चा आयन लिक्विड क्रिस्टलमध्ये संभवत नाही. खरा घोळ होतो नेमॅटिक (रेणू एका दिशेला, पण थर नसलेल्या) आणि आयसोट्रॉपिक फेजमध्ये. तिथे इलेक्ट्रॉनिक मोबिलिटीही खाली असते आणि दोघांचे प्रदेश एकमेकांत मिसळतात.

दुसरी आणि माझ्या मते सर्वात भरवशाची चाचणी तापमानाची. आयन चिकटपणाशी बांधलेला असतो: तापमान वाढलं, द्रव पातळ झाला, आयन धावला. त्याची मोबिलिटी तापमानाबरोबर घातांकी वाढते. स्मेक्टिक फेजमधली इलेक्ट्रॉनिक मोबिलिटी मात्र खोलीच्या तापमानाच्या वर जवळजवळ सपाट राहते. शिवाय फेज बदलताना काय होतं ते पाहा. थंड करत करत स्मेक्टिक-ए मधून बी मध्ये गेलात तर रचना घट्ट होते आणि चिकटपणा वाढतो. इलेक्ट्रॉनिक मोबिलिटी एकदम वर उडी घेते, आयनाची खाली जाते. दोन वाटा तिथे विरुद्ध दिशेला फुटतात, त्यामुळे फेजच्या सीमेवर एकेका अंशाने घेतलेला डेटा दहा वेगवेगळ्या व्होल्टेजच्या डेटापेक्षा मोलाचा.

तिसरी चाचणी पातळ करण्याची. चार्ज न वाहणारा, पण सॅम्पलमध्ये मिसळणारा हायड्रोकार्बन थोडा घाला. रेणूंमधलं अंतर वाढतं आणि उड्या मारणाऱ्या चार्जची मोबिलिटी घसरते. आयनाला उलट मोकळं रान मिळतं, तो तसाच राहतो किंवा थोडा वेगवान होतो. घालताना फेज बदलली नाही ना, हे मायक्रोस्कोपखाली बघा.

कित्येकदा एकाच ट्रेसमध्ये दोघेही सापडतात. पहिला खांदा मायक्रोसेकंदांत, दुसरा मिलिसेकंदांत. वेळेचा अक्ष आखूड ठेवला तर दुसरा दिसतच नाही, लांब ठेवला तर पहिला टोकात गडप होतो. म्हणून दर सॅम्पल दोन्ही मापांवर पाहा. दुसरा खांदा मोठा असेल तर चार्ज वाटेत अशुद्धीच्या रेणूवर अडकतोय आणि तो भारित रेणूच आता आयन म्हणून चालत निघालाय. उपाय पहिल्या पायरीवर परत जाण्याचा.

तापमानाचा आलेख आणखी काय सांगतो

थोडक्यात: उड्यांच्या ऊर्जापातळ्या किती पसरलेल्या आहेत ते. बेस्लर यांच्या गाउसीय डिसऑर्डर मॉडेलमध्ये ही पसरण एका संख्येने मांडतात. अमॉर्फस थरांत ती बहुधा ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येते, स्मेक्टिकमध्ये त्याच्या निम्म्याच्या जवळ, ०.०५-०.०६. खोलीच्या तापमानाची उष्णता-ऊर्जा ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. पसरण तिच्या दुपटीच्याच घरात असल्याने गरम सॅम्पलमध्ये तापमानाचा आणि क्षेत्राचा परिणाम दिसेनासा होतो. खूप थंड केलं की तो परत उगवतो. त्यामुळे ‘मोबिलिटी तापमानावर अवलंबून नाही’ म्हणजे बँडमधून वहन, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका.

पायरी ६: जाड सेलमधून पातळ थरात

ओएलईडीतला थर ५० ते १०० नॅनोमीटरचा असतो, आपल्या सेलच्या शंभराव्या भागाएवढा. तिथे टाइम-ऑफ-फ्लाइट चालत नाही: प्रकाश पृष्ठभागालगत शोषला जाण्याऐवजी अख्ख्या थरात शोषला जातो आणि ट्रान्झिट वेळ सर्किटच्या वेळेत हरवते. १०० नॅनोमीटर, ५ व्होल्ट, मोबिलिटी ०.००१ घेतली तर ती २० नॅनोसेकंद येते.

इथे स्पेस-चार्ज प्रवाहाची पद्धत वापरतात. फक्त होल किंवा फक्त इलेक्ट्रॉन वाहतील असे इलेक्ट्रोड निवडून प्रवाह-व्होल्टेज आलेख काढायचा. प्रवाह व्होल्टेजच्या वर्गाने वाढत असेल तर मॉट-गर्नी नियम लागतो: प्रवाहघनता = नऊ-अष्टमांश × परमिटिव्हिटी × मोबिलिटी × व्होल्टेजचा वर्ग ÷ जाडीचा घन. मोबिलिटी ०.०००१ आणि ५ व्होल्टला १०० नॅनोमीटरमधून चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ७५० मिलिअँपिअर निघतात. तुमचा प्रवाह याच्या कितीतरी खाली असेल तर दोष मटेरियलचा असेलच असं नाही, चार्ज इलेक्ट्रोडमधून आत शिरतच नसेल. टाइम-ऑफ-फ्लाइटमध्ये इलेक्ट्रोडने चार्ज सोडलेला नको असतो, इथे भरपूर सोडलेला हवा असतो. एकाच आयटीओवर दोन्ही प्रयोग करून आकडे जुळवायला जाणाऱ्यांची इथे फसगत होते. आणि जाडीचा घन आहे, तेव्हा जाडीची चूक इथे तिप्पट भोवते.

मायक्रोवेव्ह कंडक्टिव्हिटीने मोजलेले आकडेही तुमच्या वाचनात येतील. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने हेक्साबेन्झोकोरोनीनच्या खांबांत अशा पद्धतीने १ च्या आसपास मोबिलिटी मोजली आहे. ती खांबाच्या एका छोट्या, निर्दोष तुकड्यातली आहे, चार्जने इलेक्ट्रोड ते इलेक्ट्रोड केलेल्या प्रवासाची नाही. रेणूची कुवत कळायला ती उत्तम, डिव्हाइसच्या हिशेबात धरायला नाही.

पायरी ७: डिव्हाइसमध्ये आकडा कसा वापरायचा

ओएलईडीला सर्वात मोठी मोबिलिटी लागत नाही, जुळणारी लागते. होल ०.०१ ने धावतात आणि इलेक्ट्रॉन ०.००००१ ने, अशा थरात दोघांची गाठ कॅथोडच्या अगदी जवळ पडते. तिथे धातू एक्सिटॉनची (होल आणि इलेक्ट्रॉन भेटून झालेल्या जोडीची) ऊर्जा शोषून घेतो आणि प्रकाश मरतो. काही स्मेक्टिक मटेरियलमध्ये होल आणि इलेक्ट्रॉन जवळपास सारख्या वेगाने जातात. इमिटर (प्रकाश देणाऱ्या) थरासाठी मी असलं मटेरियल, मोबिलिटी एखाद्या पटीने कमी असली तरी, आधी निवडेन. होल वाहून नेणाऱ्या बाजूच्या थराला मात्र एकाच वाहकाचा वेग पुरतो.

दुसरी अडचण यांत्रिक आहे. वाहत्या फेजवर धातूचा कॅथोड चढवता येत नाही, आणि डिव्हाइस तापून फेज बदलली तर सगळी रचना गेली. त्यावर दोन मार्ग आहेत. एक, काचेसारखा गोठणारा रेणू घ्यायचा, जो थंड होताना क्रिस्टल न होता लिक्विड क्रिस्टलची रचना तशीच धरून ठेवतो. दुसरा, साखळ्यांच्या टोकांना रिअॅक्टिव्ह गट लावून, रेणू हव्या दिशेला बसल्यावर अतिनील प्रकाशाने त्यांना एकमेकांशी विणून टाकायचं. विणलेला थर सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही, त्यामुळे पुढचा थर त्यावर द्रावणातूनच घालता येतो. अॅक्रिलेट गट पटकन विणले जातात, पण त्यांना बहुधा फोटोइनिशिएटर (प्रकाशाने विणकाम सुरू करून देणारा रेणू) लागतो आणि त्याचे उरलेले तुकडे चार्जचे सापळे बनतात. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात ओनील आणि केली यांच्या गटांनी नॉन-कॉन्जुगेटेड डाइन गट वापरून इनिशिएटरशिवाय विणकाम केलं, ते याचसाठी.

नेमॅटिक इमिटरकडून पोलराइज्ड प्रकाश हवा असेल तर रेणू एका दिशेत बसवावे लागतात. डिस्प्लेमध्ये वापरतात तो घासलेला पॉलिइमाइडचा थर इथे आडवा येतो, कारण तो इन्सुलेटर आहे आणि होल अडवतो. त्याऐवजी घासलेला पेडॉट-पीएसएस (वीज वाहणारा पॉलिमर), किंवा होल वाहणारं मटेरियल मिसळलेला फोटोअलाइनमेंट (प्रकाशाने दिशा ठरवून दिलेला) थर वापरतात.

विणल्यानंतर मोबिलिटी पुन्हा मोजा. विणकामात रेणू किंचित सरकतात, थर थोडा आकुंचन पावतो, आणि आधीच्या द्रव फेजमधला आकडा तसाच राहील याची हमी नसते. यासाठी एक जाड सेल त्याच बॅचच्या सॅम्पलने भरून, डिव्हाइसला दिली तेवढ्याच अतिनील मात्रेने विणून बाजूला ठेवा. जाड सेलमध्ये अतिनील प्रकाश खोलवर पोचत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी द्या. नोंदवहीत आकड्यासमोर फेज, तापमान, दिशा, जाडी, व्होल्टेज, वाहक आणि आयन चाचणीचा निकाल लिहा. विणण्याआधीचा आणि नंतरचा ट्रेस एकाच आलेखावर टाका. नंतरच्या ट्रेसवर मिलिसेकंदांचा नवा खांदा उगवलेला दिसला, तर डिव्हाइस करायला घेण्याआधी विणकामाची रसायनं बदला.